वही भरली, पण निबंध काही सुरू होईना

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी मुलगी पुण्यात इतिहासात एमए करतेय, पहिलं वर्ष. गाव सातारा जिल्ह्यातलं, बीएपर्यंत सगळं शिक्षण मराठीतून. एका पेपरसाठी तीन हजार शब्दांचा निबंध द्यायचाय, विषय: '१९८२ चा गिरणी संप हे मुंबईच्या कापडगिरण्यांच्या ऱ्हासाचं कारण होतं की लक्षण? चर्चा करा.' तिनं बरंच वाचलं, अख्खी वही भरली, पहिला ड्राफ्ट सरांना दाखवला आणि सरांनी शेवटच्या पानावर पेन्सिलनं एवढंच लिहिलं, 'माहिती छान. आर्ग्युमेंट कुठाय?' आता तिला वाटतंय की वाचन कमी पडलं, इंग्लिश मीडियमवाल्यांना हे शाळेपासूनच येतं आणि आपण मागेच राहणार. शिवाय प्रश्न आहेत: आधी सगळं वाचून संपवायचं का, सुरुवात कशी करायची, आजोबा लोअर परळच्या गिरणीत साचाखात्यात (विणकाम विभागात) होते आणि संपातही होते तर ते लिहिलेलं चालतं का, आणि मैत्रीण म्हणते एआयकडून आउटलाइन काढून घे, तर घेऊ का? सबमिशन पुढच्या आठवड्याच्या शेवटी आहे. ड्राफ्ट सोबत जोडलाय.

---

अगं, आधी त्या शेऱ्याबद्दल बोलू. सरांनी 'अजून वाच' असं कुठेही लिहिलेलं नाही. उलट माहिती छान आहे असं लिहिलंय. तू मात्र वाचलंस ते 'वाचन कमी पडलं' असं. हे आपल्यातल्या बऱ्याच जणांचं होतं, काही अडलं की आपण आणखी दोन पुस्तकं लायब्ररीतून काढून आणतो, कारण वाचत बसलं की काम चालू आहे असं वाटतं आणि लिहायचं टळतं.

तुझा ड्राफ्ट मी वाचला. पहिल्या पानावर १८५४, कावसजी डावर आणि मुंबईतली पहिली गिरणी. मग नारायण मेघाजी लोखंडे. मग १९२८ चा सहा महिन्यांचा संप, गिरणी कामगार युनियन, डांगे. मग स्वातंत्र्य. १९८२ साल उजाडतं ते पाचव्या पानावर, आणि तोवर तुझे अर्ध्याहून जास्त शब्द संपलेले असतात. मग संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत येतात, संप होतो, गिरण्या बंद पडतात, आणि शेवटी तू लिहितेस, 'अशा प्रकारे या संपामागे अनेक कारणे होती व त्याचे दूरगामी परिणाम झाले.' हे वाक्य तू एसटीच्या संपाबद्दल लिहिलंस तरी चालेल, रेल्वेच्या संपाबद्दल लिहिलंस तरी चालेल. प्रश्न होता कारण की लक्षण, आणि त्याचं उत्तर मला कुठेच सापडलं नाही. सरांनाही सापडलं नसणार, म्हणून तर त्यांनी 'कुठाय' विचारलं.

आता ते मीडियमचं. मराठी शाळेत आपल्याला निबंध कसा शिकवतात आठव. मुद्दे पेपरातच दिलेले असतात, त्यांचा विस्तार करायचा, सुरुवातीला सुविचार, शेवटी जमल्यास कवितेच्या दोन ओळी. पुढे कॉलेजात 'सविस्तर उत्तरे लिहा', मुद्द्याला अंडरलाइन, जितके मुद्दे तितके मार्क. ह्याला मी नावं ठेवणार नाही, लक्षात ठेवणं आणि क्रमानं मांडणं हे कसबच आहे आणि ते तुझ्याकडे आहे. फक्त 'पावसाळ्यातील एक दिवस' वाचून कोणी 'मला पटत नाही' असं म्हणत नाही. तुला आत्ता जे लिहायचंय ते न पटलेल्या माणसासाठी लिहायचंय. आणि इंग्लिश मीडियमची पोरंसुद्धा गाईड पाठ करूनच आलेली असतात गं. त्यांना 'थिसिस स्टेटमेंट' (निबंधाचा मुख्य दावा सांगणारं वाक्य) हा शब्द माहीत असतो एवढंच, खाली मात्र तेच, पार्श्वभूमी, कारणं, परिणाम, निष्कर्ष, फक्त गुळगुळीत इंग्लिशमध्ये. मी असे निबंध दोन्ही भाषांत भरपूर वाचलेत.

तर मग काय करायचं? आधी प्रश्न नीट बघ. ह्या प्रश्नात एक भांडण लपलेलं आहे, ते तू उघड करायचंस.

एक बाजू म्हणते, संपानंच गिरण्या मारल्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, साठच्या आसपास गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार, वर्षाच्या वर चालला, अधिकृतपणे तर तो कधी मागेच घेतला नाही. एवढा काळ कापड बंद म्हटल्यावर बाजार दुसऱ्यांनी खाल्ला. दुसरी बाजू म्हणते, गिरण्या आधीच आजारी होत्या. यंत्रं जुनी, मालकांनी नफा दुसऱ्या धंद्यात वळवलेला, भिवंडी-इचलकरंजी-मालेगावचे पॉवरलूम (यंत्रमाग) कितीतरी आधीपासून स्वस्तात कापड काढत होते, आणि १९७४ मध्येच सरकारनं आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण करून त्या एनटीसीकडे (राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे) दिल्या होत्या, म्हणजे संपाच्या आठ वर्षं आधी. मग संप हे नुसतं लक्षण.

आता तू कुठे उभी आहेस? इथे मुलं हमखास म्हणतात 'दोन्हीही थोडं थोडं'. हे उत्तर नाही, ही पळवाट आहे. मधलं उत्तर द्यायला हरकत नाही पण मग ते 'कसं' हे सांगावं लागतं. उदाहरण म्हणून एक वाक्य देते, हे उचलू नकोस, ह्याच्याशी भांड: 'गिरण्या आधीच खंगत होत्या, पण संप त्यातून जन्मला नाही, तो युनियनच्या कायद्यातून जन्मला, आणि लांबलेल्या संपानं मालकांना कामगार कमी करायची अशी संधी दिली जी त्यांना एरवी मिळाली नसती.' बघ, ह्याला एखादा शहाणा माणूस 'चूक' म्हणू शकतो. तीच परीक्षा आहे. ज्या वाक्याला कोणीच 'नाही' म्हणू शकत नाही ते वाक्य निबंधाचा कणा होत नाही.

हे एक वाक्य सापडलं की आउटलाइन त्यातूनच येते, आणि इथे माझा एकच हट्ट आहे: आउटलाइनमधली प्रत्येक ओळ पूर्ण वाक्य पाहिजे, क्रियापदासकट. तुझ्या वहीत मागच्या पानावर आउटलाइन आहे, फोटो पाठवलायस, त्यात लिहिलंय 'पार्श्वभूमी', 'पॉवरलूम', 'सामंत यांची भूमिका', 'सरकारचे धोरण', 'परिणाम'. हे सगळे रिकामे डबे आहेत, 'पॉवरलूम' नावाच्या डब्यात पॉवरलूमबद्दल जे सापडेल ते सगळं बसतं आणि तू तेच केलंस. त्याजागी लिही, 'संपाच्या आधीच पॉवरलूमनं गिरण्यांचा साध्या कापडाचा बाजार कुरतडायला सुरुवात केली होती.' आता ह्यात काय येईल आणि काय येणार नाही हे ते वाक्यच सांगतं. संपाआधीचे आकडे येतील. पॉवरलूम कसा चालतो, इचलकरंजीचा इतिहास, तिथल्या कामगारांची स्थिती, हे कितीही इंटरेस्टिंग असलं तरी येणार नाही.

वर दिलेल्या वाक्यावरून मी आउटलाइन केली असती तर साधारण अशी झाली असती. पहिलं, गिरण्या १९८२ च्या आधीच अडचणीत होत्या, पुरावा यंत्रं, पॉवरलूम, एनटीसी. दुसरं, तरीही कामगार ह्या अडचणीमुळे संपावर गेले नाहीत, १९८१ च्या दिवाळी बोनसवरून ठिणगी पडली आणि त्यामागे खरा राग होता तो १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यावर, कारण त्या कायद्यानं त्या उद्योगात एकाच युनियनला मान्यता, ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, काँग्रेसच्या जवळची, आणि कामगारांना ती नको असली तरी वाटाघाटी तीच करणार. पगारवाढ आणि बदली कामगारांना (कायम कामगार गैरहजर असला तरच काम मिळणाऱ्यांना) कायम करणं ह्या मागण्या होत्याच, पण ह्या कायद्यामुळे त्या घेऊन सामंतांना दारातून आत जाताच येत नव्हतं. (हा मुद्दा तुझ्या ड्राफ्टमध्ये दीड ओळीत उरकलाय, आणि माझ्या मते निबंधाचं हृदय तिथे आहे!) तिसरं, संप लांबला कारण दोन्हीकडे तो लांबवता येत होता, मालकांना घाई नव्हती आणि कामगारांना गाव होतं. चौथं, संपानंतर गिरण्या सुरू झाल्या त्या कमी माणसांवर, आणि १९८३ मध्ये सरकारनं मुंबईतल्या तेरा गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. पाचवं, विरोधी बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा आणि त्याला उत्तर.

हा पाचवा टाळू नकोस. समोरच्याचा कच्चा मुद्दा घेऊन तो पाडायचा ही चलाखी परीक्षकाला लगेच दिसते. कोणी म्हणेल, पॉवरलूमला खरा जोर संपामुळेच आला, संप झाला नसता तर गिरण्यांना सावरायला वेळ मिळाला असता. ह्यात तथ्य आहे. मग तू काय म्हणशील? कदाचित म्हणशील की हो, वेग संपानं वाढवला, दिशा आधीच ठरलेली होती. किंवा वाचता वाचता तुझं मतच बदलेल. बदललं तर बदलू दे, मग वरचं वाक्य बदल आणि आउटलाइन पुन्हा लाव, अर्ध्या तासाचं काम आहे. तीन हजार शब्द लिहून झाल्यावर मत बदललं तर मात्र रडू येतं.

पार्श्वभूमीचं काय करायचं? प्रत्येक माहितीला एक प्रश्न विचार: ही काढली तर माझं कुठलं वाक्य लंगडं पडतं? १८५४ काढलं तर काहीच होत नाही. लोखंडे काढले तर, वाईट वाटतं, पण काही होत नाही. १९२८ बहुतेक जाईल, राहिलाच तर एका ओळीपुरता. १९४६ चा कायदा काढला तर अख्खा दुसरा मुद्दा कोसळतो, म्हणजे तो राहणार. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीचं तू शेवटी घुसवलंयस, गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट त्यानं मोकळी केली, मग मॉल, टॉवर वगैरे. ते फार मोहात पाडणारं आहे हे मला कळतं, आज लालबाग-परळला गेलं की तेच दिसतं, पण तो वेगळा निबंध आहे. जमीन हेच मालकांचं मूळ लक्ष्य होतं असं तुला म्हणायचं असेल तर ते वरच्या वाक्यात आलं पाहिजे आणि १९८२ मध्येच त्यांच्या मनात ते होतं ह्याचा पुरावा लागेल. नंतर जे घडलं त्यावरून आधीचा हेतू सिद्ध होत नाही. काढलेलं सगळं डिलीट करू नकोस, 'राहिलेलं' नावाची फाइल कर आणि तिकडे टाक. तिथे आहे म्हटल्यावर जीव शांत राहतो.

सगळं वाचून संपवायचं का, तर नाही, संपतच नाही ते. एक तृतीयांश वाचन झालं की ते एक वाक्य लिहून टाकायचं, कच्चं असलं तरी, आणि मग पुढचं वाचन त्यात भोकं कुठे आहेत ते बुजवायला करायचं. तुझ्या वहीतल्या प्रत्येक नोटेपुढे आता पेन्सिलनं आउटलाइनच्या वाक्याचा नंबर टाक. ज्या नोटेला नंबर मिळणार नाही ती गेली. ज्या वाक्याला नोटच मिळणार नाही, लायब्ररीत फक्त त्याच्यासाठी जायचं. एक गोष्ट बघ, गिरण्यांचा आकडा तुला एका ठिकाणी अठ्ठावन्न सापडेल, कुठे साठ, कुठे पासष्ट. घाबरू नकोस आणि मनानं सरासरीही काढू नकोस. कोणी कुठल्या गिरण्या मोजल्यात, एनटीसीच्या धरल्यात का, ते बघ, एक आकडा घे आणि तो कुठून घेतला ते तळटीपेत सांग. आणि मालकांच्या संघटनेचा अहवाल, युनियनची पत्रकं, तेव्हाची वर्तमानपत्रं, इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीतले लेख, ह्यातलं कोण कुठल्या बाजूनं बोलतंय हे लक्षात ठेवून वाच. तू ड्राफ्टमध्ये मालकांच्या बाजूचं एक विधान आणि युनियनच्या बाजूचं एक विधान शेजारीशेजारी ठेवलंयस, दोन्ही 'तज्ज्ञांच्या मते' म्हणून. कोण तज्ज्ञ? नाव घाल.

सुरुवात शेवटी लिही. खरंच सांगते. आत्ता पहिल्या परिच्छेदात फक्त 'इथे प्रश्न, त्यावरचा वाद, माझं उत्तर' असं लिहून पुढे सरक, सगळं झालं की परत ये आणि चार-पाच वाक्यांत तेच नीट लिही. गिरणीच्या भोंग्यावरच्या कवितेनं सुरुवात केलीयस ती काढ. कविता चांगली आहे, पण ती तिथे शोभेला आहे. शेवटचा परिच्छेद 'अशा प्रकारे'नं सुरू करायचा नाही, ही मात्र सक्ती समज. तिथे सांगायचं की तुझं उत्तर मान्य केलं तर कोणती समजूत बदलते, आणि अजून काय तपासायला हवं.

आता आजोबा. तुला वाटतं 'मी' आला की निबंध अकॅडमिक राहत नाही. पण मौखिक इतिहास ही इतिहासाची मान्य पद्धत आहे आणि गिरणगावावर तसं काम झालेलंही आहे. फक्त आजोबा पुरावा म्हणून येतील, श्रद्धांजली म्हणून नाही. त्यांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन रेकॉर्ड कर, तारीख लिहून ठेव, तळटीपेत मुलाखत म्हणून दे. तू लिहिलंयस की संप लांबला तसे ते खोली भावाकडे ठेवून गावी गेले आणि दोन हंगाम शेती केली. अगं, हा तर तिसऱ्या मुद्द्याचा जिवंत पुरावा आहे, आणि तू तो पत्रात लिहिलास, निबंधात नाही! मात्र एका माणसाच्या सांगण्यावरून 'कामगार गावी गेले' असं म्हणता येणार नाही, किती गेले ते दुसरीकडून आणावं लागेल, आजोबा फक्त ते कसं घडलं हे सांगतील. आणि चाळीस वर्षांनी आठवताना माणूस तारखा पुढेमागे करतो, तेव्हा त्या वर्तमानपत्रावरून पडताळ. परत येऊन त्यांना काम मिळालं की नाही हेही विचार, पत्रात ते नाहीये. ते कदाचित चौथ्या मुद्द्यात जाईल. एकदा सरांना विचारून घे, काही विभागांत मुलाखतीसाठी लेखी संमती लागते.

एआयची आउटलाइन घे हवी तर, पण काय येईल ते मी आधीच सांगते: प्रस्तावना, ऐतिहासिक पार्श्वभूमी, संपाची कारणे, संपाचे परिणाम, निष्कर्ष. म्हणजे ज्यावर सरांनी शेरा मारला नेमकं तेच, जास्त नीटनेटकं. शिवाय ते कधीकधी संदर्भ मनानं रचून देतं, नसलेल्या पुस्तकातलं पान क्रमांकासकट, आणि तसा एक जरी संदर्भ सापडला तरी बाकीच्या निबंधावरचा विश्वास जातो. तुला वापरायचंच असेल तर उलटं वापर. तुझं वाक्य त्याला दे आणि म्हण, ह्याच्या विरुद्ध जोरात बोल. त्यातले आक्षेप खरे आहेत का ते तू तपासायचंस. कॉलेजचा नियम मात्र आधी बघ, काही ठिकाणी एवढंही चालत नाही.

लिहून झाल्यावर एक काम कर, हे सगळ्यांनाच सांगते, पेपर कुठल्याही विषयाचा असो. प्रत्येक परिच्छेदाच्या शेजारी, मार्जिनमध्ये, तो परिच्छेद काय 'म्हणतो' ते एका वाक्यात लिही. जिथे वाक्य सुचत नाही, नुसतं 'सामंतांबद्दल' एवढंच सुचतं, तो परिच्छेद परत डबा झालाय. जिथे दोन वाक्यं सुचतात तिथे परिच्छेद फोड. मग फक्त ती मार्जिनमधली वाक्यं वरून खाली वाच, मध्ये 'म्हणून', 'पण', 'तरीही' असं काही घालता येतंय का बघ. प्रत्येक वेळी फक्त 'आणि' घालता येत असेल तर तू यादी केलीयस.

शब्दांचं गणित ढोबळ ठेव, सुरुवात अडीचशे, शेवट दोनशे, बाकी पाच मुद्द्यांत, पण समान वाटू नकोस. दुसऱ्याला आठशे गेले तरी चालतील, चौथा चारशेत आवरेल.

भाषेचं शेवटचं. निबंध मराठीत चालतो का ते विभागात विचार, बऱ्याच ठिकाणी चालतो. इंग्लिशमध्येच द्यावा लागला तरी ते एक वाक्य आणि आउटलाइन मराठीतच कर, जिथे तुझं डोकं चालतं तिथे. इंग्लिश वाक्य जमेना म्हणून मुद्दा सोपा करून टाकू नकोस, साध्या छोट्या इंग्लिश वाक्यात अवघड मुद्दा बसतो.

आणि सरांकडे परत जाशील तेव्हा पूर्ण ड्राफ्ट पुढे करून 'सर, आता बरोबर आहे का' असं विचारू नकोस, त्यांच्याकडे चाळीस जणांचे कागद असतात. अर्धं पान ने, त्यावर ते एक वाक्य आणि खाली पाच वाक्यं, आणि विचार, 'सर, ह्यातलं कुठलं तुम्हाला पटत नाही?'